एक टेंपो माती

त्या मातीची केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं विसरलो. ही केस राहिली, कारण तिच्या कागदांत माझंही नाव आहे.

दिल्ली पोलिसात मी शिपाई म्हणून लागलो आणि सब-इन्स्पेक्टर म्हणून घरी आलो. शिक्षण जेमतेम मॅट्रिक. आमची ही मात्र ग्रॅज्युएट, मिनिस्ट्रीत क्लार्क. आर. के. पुरममधलं क्वार्टर हिच्याच नावावर होतं. माझे रिपोर्ट ही घरी वाचायची आणि हिंदीच्या चुका लाल पेनानं काढायची. मागच्या मार्गशीर्षात ही गेली. हे लिहिलेलं तपासायला आता कोणी नाही, तेव्हा चुका असतील त्या असू द्यात.

माझं ठाणं तेव्हा दिल्लीच्या अगदी बाहेरच्या बाजूला होतं. आमच्या हद्दीत एक गल्ली होती, चाळीस-पन्नास घरांची. गल्लीच्या मागे एक शेड. तिथं पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे आणि आतलं शिसं भट्टीत वितळवायचे. भट्टी बंद होऊन काही वर्षं झाली होती, पण शिसं मातीतच राहिलं. शिसं कुजत नाही, उडून जात नाही. पोरं त्या मातीत खेळायची, तेच हात तोंडात घालायची. पोटं दुखायची, भूक लागायची नाही, काही पोरं उशिरा बोलायला लागली. एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तेव्हा कारण कळलं.

मग सरकारी हुकूम निघाला. गल्लीतली हातभर खोल माती काढायची, ताडपत्रीनं झाकून लांबच्या सरकारमान्य खड्ड्यात टाकायची आणि बाहेरून चांगली माती आणून घालायची. तो खड्डा साधा नसतो. तळाला जाड प्लास्टिक असतं, म्हणजे विष खाली पाण्यात उतरत नाही. काम एका ठेकेदाराला मिळालं. बंदोबस्त माझ्याकडे आला.

दिवाळी तोंडावर होती. आमच्या वसाहतीत मराठी घरं थोडी, पण ही दरवर्षी क्वार्टरमागच्या मैदानात पोरांची किल्ल्यांची स्पर्धा घ्यायची. दिल्लीत जन्मलेली पोरं. बुरूज म्हणजे काय, माची म्हणजे काय, हे हिला आधी हिंदीत सांगावं लागायचं. दगड-विटा मिळायच्या, गोणपाट मिळायचं. घोडं अडायचं मातीपाशी. नर्सरीवाले छोट्या छोट्या पिशव्या विकतात, किल्ल्याला गाडीभर लागते.

ही म्हणाली, "अहो, एवढे ट्रक तुमच्यासमोरून जातात, एक टेंपो माती मिळणार नाही का?"

मी बंदोबस्ताच्या जागी खुर्ची टाकून बसलो होतो. ठेकेदार आला तेव्हा त्याला सहज म्हटलं, "बाहेरून जी नवीन माती आणताय, त्यातली एक गाडी पाठवा. मुलांना किल्ले करायचेत."

"साब, आप हुकुम करो," तो म्हणाला. "बिल्कुल साफ मिट्टी भेजूँगा."

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. मी वर्दीत होतो म्हणून आला, हे मला कळत होतं. पण मातीत काय एवढं, असं वाटलं. दारू मागितली नव्हती, पाकीट घेतलं नव्हतं. माती तर मागितली होती.

अकरा पोरांनी सहा किल्ले केले. ही पदर खोचून त्यांच्यात बसली होती. मधेच चकल्या, लाडू यायचे आणि पोरं चिखलाच्या हातांनीच खायची. ही ओरडायची, "अरे, हात तरी धुवा!" पोरं म्हणायची, "आंटी, बस दो मिनट!" शेजारच्या क्वार्टरमधली सहा वर्षांची छोटी सगळ्यात मळलेली. तिला अंगठा चोखायची सवय होती. दिवाळी झाली, किल्ले मोडले आणि ती माती आम्ही खिडकीखालच्या वाफ्यांत पसरली. हिनं तिच्यात मेथी पेरली.

साधारण दोन महिन्यांनी त्या गल्लीतली एक बाई ठाण्यात आली. धुणी-भांडी करणारी. कडेवर तीन वर्षांचा मुलगा. ठाण्यात लोक येतात ते आधी दारात घुटमळतात. ही बाई सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट आपटला.

"साब, मिट्टी बदली नहीं है. घुमाई है."

"म्हणजे?"

"आगे से ले गए, पीछे से ले आए. मेरी आँखें नहीं हैं क्या?"

रिपोर्टमध्ये शिसं कमी व्हायला हवं होतं, उलट थोडं वाढलं होतं. बाई म्हणाली, माती काढली त्या दिवसापासून मी याला घरात बांधून ठेवत नाही, खेळायला सोडते, कारण साहेब लोक म्हणाले आता काळजी नाही. मग ती रडायला लागली. रडतानाही बोलायची थांबली नाही. "आपकी कुर्सी वहीं तो लगी थी. आप क्या देख रहे थे?"

मी रोजनामच्यात नोंद केली आणि तिच्याबरोबर निघालो. गल्लीत खुरपं मागितलं. वर चार बोटं पिवळी रेती होती, छान दिसत होती. खाली तीच काळपट माती, तिच्यात बॅटरीच्या खोक्यांचे काळे तुकडे. पंच बोलावून पंचनामा केला, माती सीलबंद केली, गुन्हा दाखल झाला. बाईनं मुलाला उचलून खाटेवर ठेवलं आणि म्हणाली, "आता सांगा, हा खाली कधी उतरेल?"

तेव्हापासून ते पोर खाटेवर. मी जेव्हा जेव्हा गल्लीत गेलो, तेव्हा ते खाटेच्या कडेला पालथं पडून खाली जमिनीकडे बघत असायचं. खाली पाय सोडला की आई येऊन पाय उचलून वर ठेवायची. तिला कामावर जायचं असलं की शेजारीण बसायची.

ठेकेदार गावी गेला होता. अशा वेळी सगळे गावी जातात. ड्रायव्हर सापडला. चाळिशीचा, शांत माणूस, नोटीस दिली तसा सकाळी दहाला स्वतःहून हजर झाला. म्हणाला, सगळी माती खड्ड्यात टाकली. पावत्या दाखवल्या. शिक्के बरोबर होते.

आता चौकशीबद्दल एक सांगतो. लोकांना वाटतं, आम्ही मारल्याशिवाय कोणी बोलत नाही. मारलं की माणूस बोलतो, पण तुम्हाला जे ऐकायचंय ते बोलतो. मी वेगळं करायचो. माणूस कुठे गेला हे तो ठरवून खोटं सांगतो. पण कुठे थांबला, काय खाल्लं, लघवीला कुठे गेला, हे त्यानं ठरवलेलं नसतं. ते विचारायचं. त्याआधी स्वतः जाऊन रस्ता बघून यायचा. मी आदल्या दिवशी स्कूटरवर त्या खड्ड्यापर्यंत जाऊन आलो होतो.

"लांबचा रस्ता आहे," मी म्हटलं. "चहा कुठे प्यायचास?"

"वहीं, साब. गड्ढे के गेट पे."

"टपरी आहे?"

"हाँ जी. बढ़िया चाय है."

"कोणाची?"

तो पावत्या परत नीट लावायला लागला. त्या गेटवर टपरी नाही. एवढा वास की गेटवरचा चौकीदारसुद्धा तोंडाला फडकं बांधून बसतो. तिथं चहा कोण पिणार?

मी फाईल उघडून वाचत बसलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "साब, पानी मिलेगा?" पाणी मागितलं की समजायचं, माणूस बोलणार. त्याला पाणी दिलं. लिहिणारा हवालदार पेन उघडून बसला.

ड्रायव्हर म्हणाला, खड्ड्यापर्यंत कुणी गेलंच नाही. डिझेल कोण जाळणार? पुढून माती भरायची, शेडच्या मागे ओतायची, दुसऱ्या दिवशी तीच मागच्या बाजूनं गल्लीत आणायची, वर रेती मारायची. पावत्या ठेकेदारानं बाहेरच्या बाहेर बनवल्या. खड्ड्यावरच्या कोणाचा त्यात हात नव्हता, हे पुढे तपासात निघालं.

"सगळी परत गल्लीत?" मी विचारलं.

"थोड़ी बची थी. वो एक प्लॉट में भरी." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता, धमकी नव्हती. आठवलं म्हणून सांगावं तसं तो म्हणाला, "और एक टेंपो तो आपके यहाँ गई थी, साब. बच्चों को किला बनाना था ना?"

हवालदाराचं पेन थांबलं.

"सर, ये लिखूँ?"

"अभी रुक," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी परत घेऊ शकत नाही. बाकी सगळ्या चुकांना कारण देता येतं. इथं मला सगळं कळलेलं होतं, आणि तरी मी म्हणालो, थांब.

त्या दिवशी पाचलाच घरी गेलो. ही ऑफिसातून आली होती, टेबलावर पेपर पसरून मेथी निवडत होती. खिडकीखालची. मी तिच्या हातातली जुडी काढून घेतली.

"अहो, काय करताय? धुणार आहे मी ती."

"ती माती गल्लीतली होती," मी म्हणालो.

ही माझ्या आधी सगळं समजायची. तिनं हात बघितले. मग उठून साबणानं धुतले, नखं ब्रशनं घासली, परत धुतले. मला वाटलं आता बोलेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती आतून स्पर्धेची वही घेऊन आली. तिच्यात पोरांची नावं होती, क्वार्टरचे नंबर होते.

"अकरा जण," ती म्हणाली. "चला."

"आत्ता?"

"मग कधी? पुढच्या दिवाळीला?"

"मी काय सांगू त्यांना?"

"जे मला सांगितलंत ते. चप्पल घाला."

पहिलं दार शेजारच्या छोटीचं. तिची आई हसत म्हणाली, "या ना काका, चहा टाकते." मी उभाच राहिलो. तीस वर्षं लोकांच्या दारात वाईट बातम्या घेऊन गेलेला माणूस मी, मला तोंड उघडेना. हिनं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. आम्ही माती आणली, तिच्यात शिसं आहे, उद्या मुलीचं रक्त तपासायचं, आम्ही बरोबर येतो. छोटीची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही तर पोलीस आहात ना?" एवढंच. दार लावलं नाही, पण चहाही टाकला नाही.

दुसऱ्या दारात हिनं मला कोपरानं पुढे ढकललं. तिथून पुढे मी बोललो. एकानं शिव्या दिल्या. एक म्हणाला, "काका, इतकं टेन्शन नका घेऊ यार, आम्ही काय माती खाल्ली नाही का लहानपणी?" ही म्हणाली, "तुम्ही खाल्लीत ती माती होती. ही नव्हे." अकराव्या दारातून बाहेर पडलो तेव्हा हिचे पाय सुजले होते. जिन्यात बसली. मी तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "मीच मागितली होती माती."

"मागितली मी. वर्दीत बसून."

"हो," ती म्हणाली. "ते लिहिलंत का?"

मी सांगितलं, नाही लिहिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या खांद्याला धरून उठली.

सकाळी मी ठाणेदार साहेबांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, माझ्याबद्दल त्यांना माया होती. दार लावून घेतलं.

"देख भाई," ते म्हणाले, "ठेकेदार तर अडकलाच आहे. तुझा एक टेंपो नाही लिहिला तर केसला काही फरक पडत नाही. लिहिलास तर वकील म्हणेल, तपास करणाराच माल घेत होता. तपास तुझ्याकडून जाईल. चौकशी लागेल. दो साल बचे हैं तेरे. इन्स्पेक्टर होऊन घरी जा. मुलांची तपासणी कर, चुपचाप."

"सर, त्या गल्लीतली बाई मला विचारते, माती कुठे गेली. मी तिला सगळी यादी दिली पाहिजे."

"एक टेंपो कम बता देना."

एक टेंपो कमी. त्यांनी ते इतक्या साधेपणानं म्हटलं की क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं. ठेकेदारालाही असंच वाटलं असणार. एक गाडी खड्ड्यात नाही गेली तर काय झालं? मग दुसरी. मग सगळ्याच.

मी बाहेर आलो, हवालदाराला म्हटलं, "ड्रायव्हरला बोलाव. जिथं पेन थांबलं तिथून लिही." त्यानं लिहिलं. मग मी तपास सोडत असल्याचा अर्ज लिहिला. पहिल्यांदाच हिला न दाखवता. दुपारी केस एका तरुण सब-इन्स्पेक्टर मुलीकडे गेली आणि तिनं साक्षीदार म्हणून माझा जबाब घेतला. पोरगी हुशार. मी तिला हाताला धरून शिकवलेलं काम, ते तिनं माझ्यावरच चालवलं. "सर, ठेकेदारानं पैसे मागितले?" "नाही." "तुम्ही देऊ केले?" "नाही." "वर्दीत होता?" "होतो." मी सही करत असताना तिनं माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघितलं, तेवढी मर्यादा तिनं पाळली.

पोरांचे रिपोर्ट आले. दहा पोरांना काळजीचं काही नव्हतं. छोटीच्या रक्तात शिसं वाढलेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर कळलं म्हणून बरं. मातीशी संबंध तोडा, हात धुवा, पोट भरलेलं ठेवा, दूध-भाजी-गूळ द्या, परत तपासू. आमची ही रोज ऑफिसातून आली की शेजारी जायची. आधी हात धुवायचे, मग नाचणीचा लाडू. छोटीची आई सुरुवातीला बोलायची नाही, नुसतं दार उघडायची. ही तेवढ्यावर आत जायची. एक दिवस ती आई म्हणाली, "काकू, चहा घेऊन जा." त्या दिवशी ही घरी आली ती शाळा सुटल्यावर दप्तर फेकणाऱ्या पोरीसारखी. उन्हाळ्यापर्यंत छोटीचा रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल आला. त्या बातमीवर मी पोलीस असून रडलो, आणि हिनं मला अजिबात गप्प केलं नाही.

मैदान आणि खिडकीखालचे वाफे आम्ही साफ करून घेतले. त्यात एक गोष्ट शिकलो ती सांगून ठेवतो. अशी माती कोरडी झाडायची नसते. धूळ उडते, श्वासात जाते. आधी पाणी मारून ओली करायची, मग उचलायची, पिशव्यांत बांधायची, खाली चांगली माती लागेपर्यंत खणायचं, आणि वर नवी माती घालून लगेच हिरवळ लावायची म्हणजे उघडी जमीन राहत नाही. मी झाडू घेऊन गेलो तर कामावर देखरेखीला आलेली इंजिनिअर मुलगी ओरडली, "काका, झाडू खाली ठेवा!" मी शिपाई असताना हवालदारही माझ्यावर कधी असा ओरडला नव्हता.

गल्लीचं काम नव्यानं निघालं तेव्हा माझा त्या केसशी साक्षीदारापलीकडे संबंध नव्हता. माझी खात्याची चौकशी चालू होती. पण काम रविवारी सुरू झालं आणि रविवारी मला सुट्टी होती. मी स्कूटर काढली. ही म्हणाली, "मी पण येते." डबा घेतला, मागे बसली.

पहिला ट्रक भरला, ताडपत्री बांधली, निघाला. आम्ही त्याच्या मागे. दिल्ली संपली, शेतं लागली, परत कारखाने लागले. ट्रक धाब्यावर थांबला की आम्ही थांबायचो. ड्रायव्हर वैतागला. खाली उतरून म्हणाला, "अंकलजी, आंटी को घुमाने की यही जगह मिली?" ही म्हणाली, "हमको यही देखना है, भैया. तुम चलाओ आराम से." खड्ड्याच्या गेटवर आम्हाला आत सोडलं नाही. कुंपणाबाहेर उभे राहिलो. हिनं नाकाला पदर लावला. ट्रकची मागची बाजू वर झाली आणि माती खाली गेली. ट्रक पूर्ण रिकामा होईपर्यंत ही बघत राहिली. मग म्हणाली, "डबा इथं नको उघडायला." त्या वासात आम्ही दोघं खूप हसलो.

पुढचे रविवारही आम्ही तेच केलं. मधल्या वारच्या गाड्यांच्या मागे ती तरुण सब-इन्स्पेक्टर आपला शिपाई पाठवायची. प्लॉटमधलीही माती निघाली.

ठेकेदाराला शिक्षा झाली. मला ताकीद मिळाली, बढती गेली, आणि मी दोन ताऱ्यांवरच घरी आलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. निरोपाच्या दिवशी हिनं माझी वर्दी स्वतः इस्त्री केली होती.

आता ही नाही. घरात बोलायला कोणी नसलं की जुन्या केसेस मनात परत परत चालतात. लोक विचारतात, इतक्या वर्षांत काय शिकलात? मला एवढंच कळलं. आम्ही पोलीस गुन्हा कोणी केला तिथं थांबतो, फाईल बंद करतो. ज्याच्यावर गुन्हा झाला, त्याचा प्रश्न वेगळा असतो आणि बहुधा अगदी लहान असतो. त्याचं उत्तर देता येईपर्यंत तपास संपलेला नसतो, आणि ते उत्तर देताना स्वतःचा एक टेंपोही वगळता येत नाही.

गल्लीचं काम संपलं त्या दिवशी आम्ही दोघं तिथं गेलो होतो. बाई खाटेपाशी उभी होती. पोर पालथं पडून खाली बघत होतं.

"इस बार मिट्टी कहाँ गई, साब?" तिनं विचारलं.

"गड्ढे में," मी म्हणालो. "आम्ही मागे मागे गेलो होतो. बघून आलोय."

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. हिच्याकडे बघितलं. हिनं मान हलवली.

मग त्या बाईनं पोराच्या बगलेत हात घातले आणि त्याला जमिनीवर उभं केलं.